पूर्वेच्या पायऱ्यांवरची वाळू

जबाब देणार: फ्रांझ वीबे, वय ४१ वर्षे, धंदा: मॅग्नेशियमच्या ओतकाम कारखान्यात कामगार, राहणार: कन्सेशन रोड ६, हॅलर्टन, ऑन्टारियो.
दिनांक: गुरुवार, २ फेब्रुवारी २०२३. वेळ: दुपारी ३ वाजून १० मिनिटे. ठिकाण: हॅलर्टन पोलीस ठाणे.
लिहून घेणार: कॉन्स्टेबल जॉइस ट्रेम्ब्ले.

मी वर लिहिलेल्या पत्त्यावर बायको काथरीना आणि पाच मुलांसह राहतो. आज कोणी न बोलावता आपल्या पायाने ठाण्यावर आलो आहे. याआधी १९ जानेवारीला याच खोलीत, याच बाईंपुढे मी एक जबाब दिला आहे. त्यातली एक गोष्ट खोटी आहे आणि एक मी गिळून टाकली आहे. त्या दोन्ही आज सांगतो. बाईंना विनंती केली की मी बोलतो तसंच लिहा, गुळगुळीत करू नका. त्या हो म्हणाल्या.

आमच्या कारखान्यात मोटारगाडीच्या डॅशबोर्डच्या आतला आडवा सांगाडा ओततात. स्टिअरिंग, एअरबॅग, सगळं त्याच्यावर बसतं. तो मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो, पाच किलोच्या आतबाहेर, एका हाताने उचलता येतो. गाडी हलकी व्हावी म्हणून हा सगळा खटाटोप. साच्यातून निघाला की त्याच्या कडा कापायच्या आणि घासायच्या. त्याचा जो कीस पडतो तो पिंपात जमा होतो. हा कीस पेटला तर पाणी चालत नाही. पाण्याने तो विझत नाही, भडकतो आणि फुटतो. कोरडी वाळू नाहीतर पिवळ्या नळकांड्यातली पावडर, एवढंच चालतं. हे आमच्याकडे झाडूवाल्यालाही ठाऊक आहे.

मला ते अमादेउ फुर्तादो यांनी शिकवलं. वय ५९, अझोर्स बेटांवरचे, कारखान्यात सव्वीस वर्षं. मी मेक्सिकोतल्या आमच्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या वस्तीत जन्मलो, पंधराव्या वर्षी इकडे टोमॅटो तोडायला आलो. म्हणून ते मला ‘ए मेक्सिको’ अशीच हाक मारतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला घासकामाच्या खोलीजवळच्या लाल पेटीपाशी नेलं आणि म्हणाले, “ए मेक्सिको, मूठ भर.” मी भरली. “आता सोड.” सोडली. “हाताला चिकटली?” नाही म्हटलं. “चिकटली असती तर ती वाळू नाही, बॉम्ब आहे. कळलं? नाहीतर तुझी बायको माझ्या घरी रडत येईल आणि माझी लुर्देस तिला जेवायला घालून घालून मारेल.” अकरा वर्षं झाली. रोज सकाळी सातला म्हातारा पेटीपाशी जाऊन मूठ भरतो, सोडतो, तळहात बघतो आणि मग हातमोजे घालतो. आम्ही हसायचो. म्हणायचो, अमादेउ वाळूला नमस्कार करायला गेले.

मंगळवार, १७ जानेवारी. सोमवारी संध्याकाळपासून गोठणारा पाऊस पडत होता. सकाळी सगळं काचेसारखं झालेलं. ७ वाजता पाळी सुरू झाली. अमादेउंनी नेहमीप्रमाणे मूठ भरून पाहिली. वाळू कोरडी होती. मी समोरच उभा होतो.

८ वाजण्याच्या सुमारास टान्या ब्रिस्को, वय २३, घासकामाला असते, ती पूर्वेच्या दारातून येताना पायरीवरून घसरली. लागलं नाही, कॉफी सांडली. आमचे मुकादम डेल मॅकनॉटन तिथेच होते. ते मला म्हणाले, “फ्रांझ, त्या पायऱ्यांवर काहीतरी टाक रे बाबा, कुणाचं तरी कंबरडं मोडेल.” मिठाचं पोतं बघितलं तर रिकामं. लाल पेटी दारापासून थोड्याच अंतरावर. मी तिच्यातून दोन बादल्या वाळू काढली आणि पायऱ्यांवर पसरली. आमची ती वाळू पोत्यातून येते, पांढरी, पिठासारखी बारीक. काम झालं. टान्या म्हणाली, “वा, फ्रांझ, आता राणीसारखी उतरते.”

पेटी अर्धी झाली. रोजच्या तपासणीच्या कागदावर ‘पेटी भरलेली’ अशी एक चौकट आहे. डेल म्हणाले, “साडेआठला कागद वर जातो, पेटी भरलेली दिसू दे.” माझ्या पिकअपमध्ये मागे दोन बादल्या वाळू पडलेली होती. टाउनशिपच्या, म्हणजे गावच्या पालिकेच्या आवारातून घरटी दोन बादल्या फुकट मिळते, घरच्या वाटेवर टाकायला. ती तपकिरी असते आणि गोठू नये म्हणून तिच्यात मीठ कालवलेलं असतं. मिठामुळे ती कायम दमट राहते. इथे हिवाळा काढलेल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. मी त्या दोन्ही बादल्या आणून लाल पेटीत ओतल्या. वरून हाताने सपाट केल्या. चौकटीत खूण केली. सही केली.

प्रश्न: ती दमट आहे हे तुम्हाला माहीत होतं का?

उत्तर: हो. हाताला चिकटली. मी विजारीला हात पुसला.

प्रश्न: मग टाकली का?

उत्तर: मी ती वाळवणार होतो. भट्टीत टाकायच्या धातूच्या लगडी आधी एका पेटाऱ्यात गरम करतात, त्यांचा दमटपणा जावा म्हणून. त्या पेटाऱ्याचं झाकण तव्यासारखं तापलेलं असतं. पत्र्याच्या ताटात वाळू घालून वर ठेवली की तासाभरात खडखडीत. मी ताट घेऊन गेलोही होतो. पण त्या झाकणावर सगळ्यांचे डबे असतात. आमच्याकडे तशी पद्धतच आहे, सकाळी आलं की डबा तिथे ठेवायचा, बाराला गरम मिळतो. नियमात बसत नाही, पण सगळे करतात, डेलसुद्धा. त्या दिवशी अमादेउंचा डबा मधोमध होता. खारवलेला मासा आणि बटाटे. त्यातला एक तुकडा दर मंगळवारी माझा असतो. मी म्हटलं, डबे कशाला हलवा, जेवण झालं की वाळवू. दुपारपर्यंत काय होतंय! असं मी स्वतःशी म्हटलं, आणि मला ते चांगलं आठवतंय.

अमादेउंना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पेटी तिथल्या तिथे रिकामी करायला लावली असती आणि सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली असती. अकरा वर्षांनी पुन्हा पहिल्या दिवसाचा पोऱ्या व्हायची लाज वाटली. डेलना वाळू ओली आहे हे माहीत नव्हतं. ते मी सांगितलं नव्हतं. त्यांच्यावर जेवढं आहे तेवढंच लिहा, माझं त्यांच्या खात्यावर नको.

११ वाजून ४० मिनिटांनी टान्याच्या घासायच्या यंत्राखालच्या पिंपात कीस पेटला. आधी फुलबाजीएवढा पांढरा उजेड झाला. मी पूर्वेच्या दाराजवळ हातगाडी घेऊन उभा होतो, तिथून पेटी बारा मीटर असेल. पिवळं नळकांडं भिंतीवर होतं. पण अमादेउ ते घेत नाहीत, त्याच्या जोराने कीस उडतो म्हणतात. लांब दांड्याचं फावडं घेऊन ते पेटीकडे वळले. टान्या तिथेच खिळल्यासारखी उभी होती. त्यांनी तोंडावरची काच वर केली आणि तिला ओरडले, “मागे हो! पोरी, मागे हो म्हणतो ना!” काच त्यांनी परत खाली केली नाही.

पहिलं फावडं पडलं तेव्हा नुसतं चुरचुरलं. तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडावा तसं. अमादेउ थबकले. त्यांनी फावड्याकडे पाहिलं. नंतर पिंपाकडे पाहिलं, आग वाढत होती. मग पेटीकडे वळले आणि दुसरं भरलं.

या दोन फावड्यांच्या मधला वेळ मी १९ तारखेच्या जबाबात सांगितला नाही. तीन सेकंद असतील, चार असतील. मी बघत होतो. मला सगळं कळत होतं. माझी जीभ टाळ्याला चिकटली नव्हती, घसा बसला नव्हता, भट्टीचा आवाजही इतका नव्हता. मनात आलं, थोडीशी तर ओल आहे, निभावून जाईल. आणि हेही आलं की आता ओरडलो तर सगळ्यांना कळेल. मी ओरडलो नाही.

दुसरं फावडं पडलं आणि पिंप फुटलं. मी खाली पडलो. उठलो तेव्हा टान्याच्या दोन्ही बाह्या पेटलेल्या होत्या आणि तिसऱ्या साच्यावरचे दोघे तिला कांबळ्यात गुंडाळत होते. अमादेउ सांडलेल्या वाळूत गुडघ्यांवर बसले होते, मोज्यातले, वाळूने माखलेले दोन्ही तळहात तोंडाजवळ, पण तोंडाला लावलेले नव्हते. ते पोर्तुगीजमध्ये काहीतरी मोजत होते. एक, दोन, तीन, असं. का मोजत होते ते मला माहीत नाही.

अग्निशमनवाले ११ वाजून ५५ मिनिटांनी आले. त्यांनी सगळ्यावर आपली पावडर ओतली, त्यामुळे पिंपाभोवतीची वाळू, राख, पावडर सगळं एक झालं. १ वाजता डेलनी मला बाजूला घेतलं. विचारलं, “पेटीत तू काय भरलंस?” मी सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग म्हणाले, “ती रिकामी कर. पोत्यातली नवी भर. आत्ता.” मी भरली. सरकारी तपासणीवाले ३ वाजता आले तेव्हा पेटीत कोरडीठाक पांढरी वाळू होती. त्यांनी त्यात हात घातला, लिहून घेतलं आणि गेले.

बुधवारी पार्किंगमध्ये डेल आणि माझ्यात झालेलं बोलणं असं:

“उद्या पोलीस बोलावतील. त्यांना काय दिसलं ते सांग.”

“मला वाळू दिसली.”

“तुला धूर दिसला. आणि एक माणूस बादली घेऊन पळताना दिसला. धुण्याच्या हौदापाशी पाण्याची बादली असते की नाही? म्हातारा घाबरला, हाताला लागेल ते टाकलं. माणूस आहे, चुकतो.”

“अमादेउ? पाणी?”

“कोणी वाळूबद्दल विचारलं तुला? नाही ना? मग तू काय वाळूचा ठेकेदार आहेस? चार पोरं आहेत ना तुला?”

“पाच.”

“मग पाच,” असं म्हणून ते गाडीत बसले.

१९ तारखेला मी इथे आलो. बाईंनी बायबल पुढे केलं. मी म्हटलं, आमच्यात शपथ घेत नाहीत, होय म्हणजे होय, नाही म्हणजे नाही. माझे वडील म्हणायचे, ज्याला शपथ घ्यावी लागते त्याचं रोजचं बोलणं काय लायकीचं असेल! बाईंनी तसं लिहून घेतलं. आणि लगेच पुढच्या ओळीत मी सांगितलं की अमादेउंच्या हातात बादली होती, बहुतेक पाण्याची. ‘बहुतेक’ हा शब्द मी घरून ठरवून आणला होता. हे खोटं आहे. त्यांच्या हातात बादली नव्हती. वाळूचं फावडं होतं आणि त्यातली वाळू माझी होती.

त्यानंतर कारखान्यात सगळीकडे झालं की अमादेउंनी पाणी टाकलं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं आणि स्वतः माती खाल्ली, असं लोक बोलायला लागले. जेवणाच्या खोलीत कोणीतरी त्यांच्या खुर्चीवर पाण्याची बाटली ठेवली. मी ती उचलली, पण बोललो काही नाही. टान्याच्या हातांसाठी अमादेउंवर गुन्हा दाखल होणार, असं डेलनी सगळ्यांना सांगितलं.

शनिवारी, २८ जानेवारीला मी अमादेउंना भेटायला इथल्या, ऑन्टारियोतल्या लंडन शहराच्या रुग्णालयात गेलो. त्यांचा डबा झाकणावर तसाच राहिला होता. तो मी घरी नेऊन घासला आणि परत द्यायचं निमित्त केलं. काथरीनाने पाव भाजून दिला होता. अमादेउंच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. उजवा गेलाय, डावा बहुधा जाईल, असं लुर्देसबाईंनी बाहेरच सांगितलं होतं. माझा आवाज ऐकून ते म्हणाले, “कोण, मेक्सिको? ये. मासा कुणी खाल्ला रे त्या दिवशी?”

मी म्हटलं, “कोणीच नाही.”

“वाया गेला म्हणजे. अरेरे.” मग म्हणाले, “फ्रांझ.” एवढ्या वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. “तू दारापाशी होतास. मी काय उचललं?”

मी म्हटलं, “मला नीट दिसलं नाही.”

“मला फावडं आठवतंय. हातात दांडा आठवतो. पण सगळे म्हणतात बादली. डेल म्हणतो, पोलीस म्हणतात. एवढी माणसं खोटं कशाला बोलतील? सकाळी मी स्वतः मूठ भरून बघितली होती, कोरडी होती. कोरडी वाळू फुटत नाही. म्हणजे मी पाणीच टाकलं असणार. हो की नाही? डोकं फिरलं असेल माझं.” मग त्यांनी विचारलं, “त्या पोरीचे हात कसे आहेत?”

मी म्हटलं, बरे होतायत. डबा टेबलावर ठेवला आणि बाहेर आलो.

बाहेर लुर्देसबाईंनी मला प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांचे चामड्याचे हातमोजे काढून दाखवले. कारखान्याने वस्तू परत पाठवल्या त्यातले. तळव्यांवर पांढरे डाग होते, कडेला लाटेसारखी रेघ. हिवाळ्यात इथे प्रत्येकाच्या बुटांवर असतात तसे, रस्त्यावरच्या मिठाचे. बाई म्हणाल्या, “हे मोजे कारखान्यातल्या कपाटात राहतात, बाहेर कधी निघत नाहीत. रस्त्यावर नेलेले नाहीत. फ्रांझ, कारखान्याच्या वाळूत मीठ असतं का रे?”

मी म्हटलं, “नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आरडाओरडा केला नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मोजे घडी घालून पिशवीत ठेवले आणि म्हणाल्या, “बायकोला सांग, पाव छान झालाय.” पाव त्यांनी अजून कापलाही नव्हता. ते हातमोजे त्यांच्याकडेच आहेत, मागवून घ्यावेत.

घरी येऊन काथरीनाला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, “आणि तू त्यांच्याकडून डब्यातला तुकडा खात होतास.” त्यावर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पोरांना सांगायची, बापाला विचारा, बापाला वाढा. काल जेवताना मोठ्या मुलीने विचारलं, बाबा, तुम्ही काय केलंत? काथरीना म्हणाली, “बाबा सांगतील. ते आधी जिथे सांगायचं तिथे सांगून येतील, मग तुला.”

प्रश्न: आजच का आलात?

उत्तर: दोन कारणं आहेत. अपघातापासून पूर्वेचं दार बंद आहे, त्या पायऱ्यांवर कोणी पाय ठेवलेला नाही. मी टाकलेल्या पांढऱ्या वाळूवर त्या दिवशी पाऊस गोठला, मग बर्फ पडला, मग पुन्हा गोठलं. ती वाळू अजून तिथेच आहे, बर्फात, थरात. कारखान्याची बारीक पांढरी वाळू बाहेरच्या पायऱ्यांवर कशी आली, आणि मग तिच्या जागी पेटीत काय गेलं, हे कोणालाही कळेल. शनिवारी पारा शून्याच्या वर जाणार आहे, पाऊसही सांगितलाय. सगळं वाहून जाईल.

दुसरं कारण. आज सकाळी फळ्यावर उद्याची कामं लागली. शुक्रवार, ७ वाजता, पूर्वेच्या पायऱ्या खरवडून साफ करणे. त्यापुढे माझं नाव आहे. मी फळ्यासमोर उभा होतो तेव्हा डेल मागून म्हणाले, “सकाळी लवकर उरकून टाक, फ्रांझ. मग हा विषय संपला.” मी जेवणाच्या सुट्टीत निघालो तो थेट इकडे आलो. दोन-अडीच तास बाहेर गाडीतच बसून होतो. पाचावर धारण बसली होती, खोटं कशाला सांगू.

या ठिकाणी कॉन्स्टेबल बाई उठल्या आणि त्यांनी दुसऱ्या खोलीतून फोन केला. ३ वाजून ५५ मिनिटांनी परत आल्या. कारखान्याकडे गाडी गेली आहे, असं त्यांनी मला सांगितलं. माझ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो आणि मला वकील मिळू शकतो, हे त्यांनी जबाब सुरू करण्याआधी सांगितलं होतं आणि आता पुन्हा सांगितलं. मला ते समजलं आहे. वकील आज नको.

मला कोणी धमकावून किंवा लालूच दाखवून इथे आणलेलं नाही. टान्या ब्रिस्को हिला अजून काही माहीत नाही. पायरीवर वाळू टाकली म्हणून तिने माझे आभार मानले होते, ते मला परत करायचे आहेत, पण कसे ते कळत नाही.

हा सगळा जबाब बाईंनी मला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवला. मी दोनदा थांबवलं. एकदा वेळ चुकली होती. दुसऱ्यांदा, बाईंनी ‘मी ओरडू शकलो नाही’ असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावून ‘मी ओरडलो नाही’ असं करून घेतलं. आता तो मी बोललो तसाच आहे. शपथ याही वेळी घेतलेली नाही. सही माझी आहे.

एक मागणी आहे. याची एक प्रत अमादेउ फुर्तादो यांना मिळावी. त्यांना वाचता येणार नाही, म्हणून मी म्हटलं, मी जाऊन वाचून दाखवतो. बाई म्हणाल्या, तुम्हाला आता त्यांना भेटता येणार नाही, दुसरं कोणीतरी वाचेल. ठीक आहे. जो कोणी वाचेल त्याने त्यांच्या उशाशी बसून सावकाश वाचावं, सुरुवातीला त्यांना सांगावं की तुमच्या हातात फावडंच होतं, आणि माझी ती खोडून लिहिलेली ओळ गाळू नये.

फ्रांझ वीबे
समक्ष: कॉन्स्टेबल जॉइस ट्रेम्ब्ले
दुपारी ४ वाजून २० मिनिटे